हॅलरबीला नेलेली पाच बोंडं

दसरा उलटला की अमरावतीच्या कापूस-बाजाराकडे जाणारा रस्ता हळूहळू पांढरा होत जातो. गाड्यांतून गळालेला कापूस चाकोरीत दबतो, बाभळींच्या काट्यांना लागून राहतो, नालीच्या पाण्यावर तरंगतो. घराच्या ओट्यावर बसलं तरी पहाटेपासून चाकांचा आवाज येतो, आणि वारा इकडचा असला तर फाटकावरच्या कारकुनाचाही. तो प्रत्येक गाडीला एकच गोष्ट विचारतो. गाव? आणि गाडीवान बसल्या जागेवरून आपल्या गावाचं नाव ओरडतो. वलगाव. लोणी. आसेगाव. लोकांना हे दिवस आवडतात. पोळ्यापासून ताणलेली घरं आता कुठे सैल होतात, लग्नांच्या गोष्टी निघतात. मला मात्र हे दिवस सोसत नाहीत. मी फिरायला उलट्या बाजूला, बडनेऱ्याच्या सडकेनं जातो. शेजारचे वकील एकदा म्हणाले, मास्तर, तुम्ही शेतकऱ्याच्या पोटचे, आणि कापसाला पाठ काय दाखवता? मी हसून वेळ मारून नेली.

पस्तीस वर्षांपूर्वीचा एक हंगाम माझ्या मनात आहे. तेव्हा दूर अमेरिकेत लढाई चालू होती आणि तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. ही सगळी साखळी मला पुढे पुस्तकं वाचून कळली. तेव्हा एवढंच दिसायचं की बार्शीटाकळीच्या आमच्या वावरात जी बोंडं आधी बाया हसत-खिदळत वेचायच्या, ती आता राखणीला माणसं बसवून वेचली जात होती. आमच्या घरी त्या साली भिंतीवरचं घड्याळ आलं. वेळ पाहता माझ्याशिवाय कुणालाच येत नव्हती. बाबा ते फक्त ऐकायचे. टोले पडले की डोळे मिटून मान हलवायचे, भजन ऐकल्यासारखी.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि अकोल्याच्या मराठी शाळेत दुय्यम मास्तर होतो. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिला. शाळा भरण्याआधी, सकाळी, मी मोर्णा नदीच्या काठी हॅलरबी साहेबाच्या वाड्यावर त्याला मराठी शिकवायला जात असे. हा साहेब मोठा अंमलदार वगैरे नव्हता. आधी सडकेच्या कामावर देखरेखीला आला होता. कापसाला भाव चढला तेव्हा मुंबईच्या एका इंग्रजी पेढीनं त्याला खरेदीसाठी ठेवला. उंच, वाकलेला, मनगटांपर्यंत उन्हानं तांबूस झालेला माणूस. आमचा करार सोपा होता. मी त्याला मोडीचं एक पान वाचून दाखवायचं, त्यानं मला इंग्रजीचं एक पान. मी आज जो काही आहे तो त्या एकेका पानावर उभा आहे. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहिताना हात मागे येईल.

वाड्याच्या पटांगणात कापसाचे ढीग लागायचे, आणि ते गावागावांचे वेगळे असायचे. एका गावाची माती भारी, धागा लांब. दुसऱ्या गावचा कापूस पाण्यानं मारलेला. एकात दुसरा मिसळला तर दोन्ही वाया. म्हणून फाटकावर आधी गाव विचारायचं आणि मग गाडी त्या त्या ढिगाकडे वळवायची. हे विचारण्याचं काम कुणी न सांगता एलननं उचललं होतं. एलन म्हणजे साहेबाची मुलगी, सात वर्षांची. ती अकोल्यातच जन्मलेली. डोक्याला फडकं बांधून ती फाटकाच्या दगडावर बसायची आणि गाडी आली की हात आडवा करून म्हणायची, "गाव कोन्तं?" गाडीवानांना मोठी मौज वाटायची. ते नाव सांगायचे आणि वर विचारायचे, "अन् तुह्यं व, बाई?" ती मान ताठ करून सांगायची, "अकोला." रोज, प्रत्येक गाडीला. कधी कुणी चिडवायचा, तुह्या केसाइकडे पाहून तर वाटत नाई. तेव्हा ती म्हणायची, "केसाले काय गाव असते?"

तिचं इंग्रजी बापाशी बोलण्यापुरतं होतं. बाकी सगळं वऱ्हाडी. तिची आई आदल्या पावसाळ्यात तापानं गेली, तेव्हापासून तर घरात इंग्रजी बोलायला कुणी उरलंच नव्हतं.

एकदा धड्याच्या वेळी साहेबानं मला माझ्या आडनावाचा अर्थ विचारला. मी सांगितलं, आम्ही बोरखडे, म्हणजे बोरखडी गावचे. चार पिढ्यांमागे आमचे पूर्वज तिथून निघाले आणि बार्शीटाकळीला येऊन राहिले. तो एकदम खुर्चीत पुढे झाला. त्याचं नावही तसंच होतं. हॅलरबी हे विलायतेत उत्तरेकडचं एक गाव. त्यांच्या जुन्या भाषेत 'बी' म्हणजे गावच, आपल्याकडे जसं खेड किंवा वाडी. म्हणजे कुणा हॅलरचं गाव. तो हॅलर कोण, ते आता कुणाला ठाऊक नाही. साहेबाचा पणजोबा तिथून पायी निघाला आणि सूतगिरण्यांच्या शहरात गेला. तेव्हापासून घराण्यातलं कुणी त्या गावात परतलं नव्हतं. साहेबानं गाव पाहिलंही नव्हतं. पण आजोबांकडून ऐकलेलं तो असं सांगायचा की जणू कालच तिथून आला आहे. बुटक्या मनोऱ्याचं देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च. त्याच्या मागे वाकडी नदी. गिरणीचं तळं आणि तळ्यावर बदकं. एलन बाजूला सरक्या मोजत ऐकत असायची. एकदा तिनं विचारलं, "तिथं बोरं राह्यतेत काय, मास्तर?" मी नकाशा काढून पाहिला. नकाशात हॅलरबी नव्हतं.

बायको गेल्यापासून साहेबाला एकच घोर होता. मुलीचं काय करायचं? विलायती लेकरं इथला उन्हाळा काढत नाहीत, असं सगळे गोरे लोक त्याला सांगत, आणि घरात नुकतंच एक मरण झालं होतं. भाऊ होता, त्या गिरण्यांच्या शहरात. त्याला लिहिलं तर उत्तर आलं की बहुतेक गिरण्या बंद पडून वर्ष झालं, आम्हीच धर्माचं सूप पिऊन जगतो आहोत, लेकरू पाठवू नकोस. भावानं हेही लिहिलं होतं की तुझ्याकडचा कापूस जो थोडा येतो तो आखूड धाग्याचा आहे, सारखा तुटतो, आणि माणसं तो विणता विणता रडकुंडीला येतात. साहेबानं ते पत्र वाचून पटांगणातल्या ढिगांकडे बराच वेळ पाहिलं. दुसरी वाट चिखलदऱ्याची होती. वर थंड हवा, आणि एक पेन्शनवाला गोरा आपल्या बायकोसह तिथे राहत होता. ते मुलीला चार महिने ठेवायला तयार होते. साहेबाचं मन चिखलदऱ्याकडे झुकलं होतं, हे मला पक्कं आठवतं. ते तसंच राहिलं असतं.

कार्तिकात बाबा कापसाची गाडी घेऊन अकोल्याला आले. माप झाल्यावर मी त्यांना साहेबाच्या ओसरीवर नेलं. माझ्या मनात हौस होती, आपला बाप साहेबाला दाखवावा आणि साहेब बापाला. बाबा पायरीवर बसले, खुर्चीवर बसले नाहीत. साहेबानं विषय काढला आणि आपल्या गावाच्या नावाची गोष्ट सांगितली. बाबांना त्यात नवल वाटलं नाही. त्यांनी सरळ विचारलं, भाऊबंद असतील ना तिथं?

"माहीत नाही, बुवा," साहेब म्हणाला. "तीन पिढ्यांत कुणी गेलं नाही."

मग बाबांनी बोरखडीचं सांगितलं. दर चैत्रात आम्ही तिथे जातो. गावदेवीपुढे आपल्या वावरातली पाच बोंडं ठेवतो, की आम्ही जगतो आहोत, पिकवतो आहोत. बोंडं ठेवली की गावचा पाटील स्वतः पाट मांडतो आणि पंगतीत पहिलं पान आमचं. माझा एक लांबचा चुलतभाऊ आईबाप मेल्यावर उघडा पडला, तेव्हा बोरखडीच्या लोकांनी त्याला उचलून नेलं होतं. तो तिथेच वाढला, त्याला जमीन दिली, आज त्याची तिथे दोन लेकरं आहेत. हे सगळं खरं होतं. बाबा कधी वाढवून सांगत नसत.

"साहेब, गावाचं नाव ज्यानं लावलं, त्याले गाव टाकत नसते," बाबा म्हणाले. "पोरगी डोंगरावर परक्याच्या घरी काहून ठेवता? तिले तिच्या गावाले पाठवा."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा गुरू होतो, आणि बाबांचं बोलणं मला पूर्ण पटलेलं होतं. मी मान हलवली.

त्याच आठवड्यात साहेबानं हॅलरबीच्या पाद्र्याला पत्र लिहिलं. पत्र जायला महिना, उत्तर यायला महिना. आम्ही दिवस मोजू लागलो. सकाळचे धडे त्या गावाचेच होऊन गेले. साहेब मला इंग्रजीत नदी, पूल, कुरण, घंटा हे शब्द शिकवायचा आणि मी वहीत उतरून घ्यायचो. पुढे परीक्षांत मला जे शब्द कधी अडले नाहीत ते हेच. एलन मात्र त्या गावाची एखाद्या सासरासारखी धास्ती घेऊन बसली. तिथं कोन वऱ्हाडी बोलते? तिथले बैल कसे राह्यतेत? फाटकावर कोन बसन?

संक्रांत झाली. एलननं गाडीवानांना तीळगूळ वाटला. उत्तर आलं नाही. आणि माघात एका कप्तानाची बायको विलायतेला निघाली. तिनं मुलीला सोबत न्यायचं कबूल केलं. ती थांबणार नव्हती. तिच्यासोबत गेली नाही तर उन्हाळ्याआधी दुसरी सोबत मिळणार नव्हती. साहेब दोन दिवस पटांगणात नुसता फिरत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी धड्याचं पुस्तक न उघडता त्यानं मला विचारलं. त्या वेळी तो मराठीत बोलला, जणू उत्तर मराठीतच खरं मिळेल.

"मास्तर, तुमची मुलगी असती, तर पत्राची वाट न पाहता पाठवली असती?"

मला बोरखडीचा पाट दिसला. पंगतीतलं पहिलं पान दिसलं. मी म्हणालो, "पाठवली असती."

या दोन शब्दांवर मी पस्तीस वर्षं राहतो आहे.

ती निघाली त्या दिवशी बाबा मुद्दाम बार्शीटाकळीहून आले. त्यांनी धुवट फडक्यात आमच्या वावरातली पाच बोंडं बांधून आणली होती, सरकीसकट, देठांसकट. एलन दमणीत, त्या हलक्या बैलगाडीत, बसली होती, पाय लोंबकळत, नव्या बुटांकडे बघत. बाबांनी फडकं तिच्या ओटीत ठेवलं आणि तिला समजावून सांगितलं. गावात पोचली की आधी कुणाच्या घरी जायचं नाही. देवळाच्या पायरीवर ही पाच बोंडं ठेवायची आणि उभं राहायचं. कुणीतरी येईल आणि पाट मांडेल.

"अन् नाई आलं कोनी, तर?" तिनं विचारलं.

"येतेत, बाई. उभं रायचं."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, मले नाई जायचं." रडली नाही. फाटकावर गाडीवानाला चुकीच्या ढिगापासून परतवताना ती ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात म्हणाली. बाबा हसत बोलले की चार वर्षांनी परत आली की आमच्या घरी राहा, घड्याळ ऐकायले. साहेब घोड्यावर पुढे गेला, तिला पोचवायला जिथवर आगगाडीचे रूळ आले होते तिथवर. दमणी मोर्णेच्या उतारावर दिसेनाशी झाली. फाटकावर त्या दिवशी गाड्यांना गाव विचारायला मी उभा राहिलो. तीन गाड्या चुकीच्या ढिगांत रिकाम्या झाल्या.

पाद्र्याचं पत्र फाल्गुनात आलं. साहेबानं ते वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मला तेव्हा इतकं इंग्रजी येऊ लागलं होतं की एकही शब्द विचारावा लागला नाही. ते पत्र सभ्य होतं. त्यात लिहिलं होतं की या गावात हॅलरबी नावाचं कुणी राहत नाही. चर्चच्या जुन्या वह्या चाळल्या, त्यांतही कुणी सापडलं नाही, आणि यात आश्चर्य नाही. गावाचं नाव माणसाला गाव सोडल्यावरच चिकटतं. परक्या ठिकाणचे लोक त्याला त्या नावानं हाक मारू लागतात. जे गावात राहतात त्यांना गावाचं नाव लावायची गरज पडत नाही. तरी मुलीला पाठवण्याचा विचार असेल तर कृपा करून पाठवू नये. इथे तिचं कुणी नाही.

मी ते वाचलं आणि मला बोरखडी आठवली. चारशे उंबऱ्यांचं गाव. तिथे बोरखडे आडनावाचं एकही घर नाही. पाटील आहेत, देशमुख आहेत, वानखडे आहेत. माझा चुलतभाऊ तिथे गेला तेव्हा बोरखडीतला पहिला बोरखडे तोच. हे मी लहानपणापासून पाहत होतो आणि माझ्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. गाव आम्हाला पाट मांडतं ते नावासाठी नाही. चार पिढ्यांत एकही चैत्र न चुकवता आमचं कुणी ना कुणी बोंडं घेऊन गेलं, म्हणून मांडतं. हॅलरबीला कुणी काही नेलं नव्हतं.

जहाज सुटून तीन आठवडे झाले होते. समुद्रावरच्या जहाजाला तार पोचत नव्हती, आणि पाद्र्यानं तर आधीच नाही म्हटलं होतं. साहेबानं फक्त एवढंच विचारलं की तुमच्या बाबांना हे सांगणार का. मी म्हणालो, नाही. त्यानं मान हलवली. माझ्यावर तो रागावला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नेहमीसारखं पुस्तक उघडलं आणि आपलं एक पान वाचून दाखवलं.

मग सगळं फार वेगानं झालं. अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली आणि ज्या कापसासाठी राखणीला माणसं बसत, तो पटांगणात तसाच पडून राहिला. मुंबईची ती पेढी बुडाली. ढीग कुणीच उचलेना. वैशाखाच्या वावटळीत गावागावांचा कापूस उडून एकमेकांत मिसळला, कुंपणाला लागला, नदीत गेला. कोणता कुठला ते आता ओळखू येत नव्हतं, आणि कुणी विचारतही नव्हतं. साहेबानं होतं नव्हतं ते विकलं आणि मुलीला गाठायला निघाला. जाताना पुस्तकांची एक पेटी माझ्या खोलीवर ठेवून गेला. मुंबईत जहाजाची वाट बघताना त्याला पटकी झाली. तो गेल्याची खबर मला एका कापूस-दलालाकडून आषाढात कळली. दलाल दुसऱ्याच कामानं आला होता आणि जाता जाता बोलून गेला.

त्या पेटीतल्या पुस्तकांवर मी शिकलो. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळी ती पुस्तकं. आधी प्रवेश-परीक्षा, मग नोकरी सांभाळून, दोनदा नापास होऊन, तिशीत बी.ए. निकाल आला तेव्हा बार्शीटाकळीत बाबांनी साखर वाटली. त्यांच्या पोराचं नाव मुंबईच्या कागदात छापून आलं होतं. मी प्रत्येक पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर शाईनं लिहिलेलं ते नाव असायचं. हॅलरबी. माझ्यावर सर्वांत मोठे उपकार ज्याचे, त्याच्या लेकराचं मी काय केलं, हे ते पान मला दरवेळी विचारायचं. इतरांना मी कृतज्ञतेची गोष्ट सांगत आलो. ती खोटी नाही. पण अर्धी आहे.

पदवी मिळाल्यावर मी पहिलं मोठं इंग्रजी पत्र कुणाला लिहिलं असेल तर हॅलरबीच्या पाद्र्याला. तो म्हातारा झालेला होता, पण तोच होता. त्यानं सविस्तर उत्तर दिलं.

मुलगी तिथे चैत्रात पोचली होती. कप्तानाच्या बायकोनं तिला नाक्यावर उतरवून दिलं आणि ती पुढे गेली. चर्चच्या पायरीवर एक पोर उभी आहे, असं कुणीतरी पाद्र्याला येऊन सांगितलं. तिच्यापुढे फडक्यावर वाळलेल्या कसल्यातरी फळांचे पांढरे गुच्छ होते. पाऊस लागला होता. आत ये म्हटलं तर ती येईना. कुणाची वाट बघते आहेस, असं विचारलं तर तिला सांगता आलं नाही, किंवा सांगितलेलं त्यांना कळलं नाही. शेवटी तिला उचलून आत न्यावं लागलं. पाद्र्याच्या घरी ती काही दिवस होती. मग तिला जवळच्या शहरातल्या गरिबांच्या सरकारी घरी पाठवलं, जिथे काम करायचं आणि जेवायचं.

पाद्र्यानं पुढे लिहिलं होतं, आणि मला वाटतं ते त्यानं स्वतःच्या समाधानासाठी लिहिलं असावं. आमच्याकडेही कायदा आहे की प्रत्येक गावानं आपल्या गरिबाला पोसायचं. गाव आपल्या माणसाला टाकत नाही. पण नाव चालत नाही. माणूस मुळात कुठला ते पाहावं लागतं. त्या घरच्या कारकुनानं वहीत भरण्यासाठी तिला विचारलं, तू कोणत्या गावची? तेवढं उत्तर तिनं मोठ्यानं आणि ताठ मानेनं दिलं. त्यानं लिहिलं, अकोला. नियमाप्रमाणे तिला तिच्या गावी परत धाडायला हवं होतं. पण इतक्या लांब धाडण्याची सोय नियमात नव्हती. दुसऱ्या हिवाळ्यानंतर वहीत तिचं नाव नाही. का नाही, ते लिहिलेलं नव्हतं.

पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता. ते फडकं आपण जपून ठेवलं आहे, असं त्यानं लिहिलं होतं. आता तुमच्या पत्रावरून कळलं की तो कापूस आहे. पण मुलगी तो पायरीवर मांडून उभी का राहिली होती, हे आम्हाला अजूनही माहीत नाही. आपण सांगू शकाल काय?

मी बी.ए. होतो. उत्तराला लागणारे सगळे शब्द मला येत होते आणि ते कुणाकडून आले तेही माहीत होतं. मी कागद पुढे घेतला, वर तारीख घातली, आणि लिहायचं राहिलं. बाबा वारले तेव्हाही ते राहिलेलं होतं. त्यांना मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. कधीमधी घड्याळाचे टोले ऐकून ते विचारायचे, ते साहेबाचं लेकरू आता मोठं झालं असन नाई? मी हो म्हणायचो. पाद्रीही आता नसेल. चैत्रात बोरखडीला अजून आम्ही जातो, पाट मांडला जातो, पहिलं पान वाढलं जातं. मी बोंडं ठेवतो आणि वर बघत नाही.

काल बडनेऱ्याच्या सडकेवर पुलाचं काम निघालं आणि मला नाइलाजानं बाजाराच्या वाटेनं जावं लागलं. फाटकापाशी गाड्यांची रांग होती. एका गाडीच्या आडोशानं मी चाललो होतो. गाडी फाटकातून आत गेली आणि मी समोर उभा राहिलो. कारकून नवा होता. त्यानं मान वर केली नाही, लेखणी नुसती दौतीत बुडवली आणि सवयीनं विचारलं.

"गाव?"

मी थांबलो. त्यानं पुन्हा विचारलं, "कोन्तं गाव, बाबा?"

मागच्या गाडीवानानं बैल आवरले. "काहून थांबले, मास्तर? सांगा ना."

मी बाजूला झालो आणि त्याच्या गाडीला वाट दिली.